‘लवकरच’ची तारीख द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

राष्ट्रीय ग्राहक दिनाला, २४ डिसेंबरला, आपण ग्राहकांच्या हक्कांवर पूर्ण पान दिले होते. वजनमापे, भेसळ, घराचा ताबा, विमा, सगळे त्यात होते. वाचून बरे वाटले. एक गोष्ट मात्र त्यात आली नाही आणि ती गेली चार वर्षे माझ्या टेबलावर बसून आहे, म्हणून हे पत्र. पत्र लांबले आहे. काटछाट करावी लागली तर तारखा आणि आकडे तेवढे ठेवा, ही विनंती.

वस्तू आज विकायची, पूर्ण किंमत आज घ्यायची आणि तिचा काही भाग ‘सॉफ्टवेअर अपडेटमधून लवकरच’ द्यायचा, ही विक्रीची रीत आता रुळली आहे. माझ्या भाच्याने विजेवरची स्कूटर घेतली तेव्हा माहितीपत्रकात छापलेल्या तीन सोयी गाडीत नव्हत्या. नंतर येतील, असे शोरूममध्ये सांगितले. त्याला त्यात काही वावगे वाटले नाही, हे मला जास्त लागले. माझा स्वतःचा अनुभव मात्र फार थोड्या घरांत असणाऱ्या वस्तूचा आहे. ती वस्तू म्हणजे हौशी रेडिओचा सेट.

मी कराडचा. वय ७१. टेलिफोन खात्यातून निवृत्त. हौशी रेडिओ, ज्याला आम्ही ‘हॅम’ म्हणतो, तो गाणी ऐकायचा रेडिओ नव्हे. केंद्र सरकारची परीक्षा देऊन त्याचा परवाना काढावा लागतो. मग आपल्याला कॉलसाइन, म्हणजे हवेतले नाव, मिळते, ते जगात दुसऱ्या कुणाचे नसते. भारतातली कॉलसाइन बहुतेक ‘व्हीयू’ने सुरू होतात. राजीव गांधींचे व्हीयू-२-आरजी होते. छतावरची अँटेना आणि घरातला सेट एवढ्यावर, मध्ये कुठलीही केबल किंवा टॉवर न घेता, आम्ही जगभर बोलतो. धंद्याचे बोलायला मनाई आहे.

हा नाद मला का लागला तेही सांगतो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी १३ वर्षांचा होतो. माझी आत्या कोयनानगरला होती. तिची खुशाली कळायला आम्हाला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत आईने एकदाही पाट मांडला नाही. तारेवाचून निरोप जाऊ शकतो हे पुढे शाळेत शिकलो तेव्हा मला पहिल्यांदा आई आठवली. २००४ च्या त्सुनामीत अंदमानचा संपर्क तुटला आणि पोर्ट ब्लेअरला गेलेल्या भारती प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅम सेटवरून माणसांची खुशाली मुख्य भूमीवर कळवली, ते आपल्या अनेक वाचकांना आठवत असेल. आमच्यासाठी हा छंद आहेच, पण वेळेला उपयोगी पडणारा छंद आहे. म्हणून सेट नीट चालणे आम्ही मनावर घेतो.

परवाना १९८५ साली मिळाला. पहिला सेट स्वतः जोडला. कॉइल हाताने गुंडाळल्या, व्हॉल्व्ह आणि कंडेन्सरसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि चोरबाजार पालथा घातला. त्या सेटमध्ये जे होते ते पहिल्या दिवसापासून होते.

नोव्हेंबर २०२१ मध्ये निवृत्तीच्या पैशातून एका परदेशी कंपनीचा नवा सेट घेतला. जकात, वाहतूक, जीएसटी धरून २ लाख २८ हजार रुपये झाले. कंपनीचे आणि विक्रेत्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. माझे म्हणणे एका नावापुरते नाही.

या पिढीचे सेट सॉफ्टवेअरवर चालतात. अँटेनातून आलेली लहर आत शिरली की तिचे आकडे होतात, आणि पुढची गाळणी, खरखर काढणे, शेजारचे स्टेशन बाजूला सारणे हे सगळे त्या आकड्यांचे गणित असते. याचा फायदा मोठा आहे. पूर्वी नवा फिल्टर हवा तर क्रिस्टल विकत आणून सोल्डर करावा लागे. आता नवे सॉफ्टवेअर भरले की तोच सेट अधिक चांगला ऐकू लागतो. २०१६ साली आयकॉमचा ७३०० बाजारात आला तेव्हापासून असे सेट आमच्यासारख्यांच्या आवाक्यात आले, आणि मी स्वतः त्या दिवसाची वाट पाहिली होती. तेव्हा हा सॉफ्टवेअरला नावे ठेवणाऱ्या म्हाताऱ्याचा सूर समजू नये.

माझ्या सेटच्या माहितीपत्रकात दुसरा रिसीव्हर, नवी खरखर-गाळणी आणि इंटरनेटवरून सेट चालवण्याची सोय, अशा तीन गोष्टींपुढे बारीक अक्षरात ‘पुढील अपडेटमध्ये’ असे होते. विक्रेता म्हणाला, तीन महिने. खरखर-गाळणी २०२३ मध्ये आली. बाकी दोन्ही अजून यायच्या आहेत. त्या नसल्या तरी माझे अडत नाही. अडते ते एका दोषाने, आणि तो जरा जवळून दाखवतो.

मी बोलतो कमी, मोर्स जास्त वाजवतो. मोर्समध्ये आखूड खूण म्हणजे डिट आणि लांब खूण म्हणजे डा. ‘व्ही’ हे अक्षर डि-डि-डि-डा असे वाजते. ‘यू’ म्हणजे डि-डि-डा. माझा सेट ऐकण्याकडून पाठवण्याकडे वळताना पहिला डिट गिळतो. मिनिटाला २० शब्दांच्या वेगात एक डिट ६० मिलिसेकंदांचा असतो. तेवढ्या वेळात सेट वळून तयार होत नाही. चांगल्या सेटमध्ये याची सोय असते. सगळा मजकूर काही मिलिसेकंद मागे ढकलतात, म्हणजे सेट तयार झाल्यावरच पहिली खूण बाहेर पडते आणि काहीच कापले जात नाही. हे सॉफ्टवेअरचे काम आहे आणि मला वाटते फार मोठे नाही. ते झालेले नाही. त्यामुळे मी ‘व्हीयू’ वाजवतो आणि हवेत जाते ‘यूयू’. ‘यूयू’ने सुरू होणारी कॉलसाइन युक्रेनला दिलेली आहेत.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी मोर्सची जागतिक स्पर्धा असते. आपल्याकडे शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू होते आणि ४८ तास चालते. २०२३ च्या स्पर्धेत फिनलंडच्या एका स्टेशनने मला ‘यूयू’ म्हणून उत्तर दिले. मी दुरुस्ती पाठवली. दुरुस्तीचाही पहिला डिट गेला. त्याने पुन्हा ‘यूयू’ म्हटले, आभार मानले आणि पुढच्याकडे वळला. स्पर्धेनंतर सगळ्यांच्या नोंदी एकमेकांशी ताडून पाहतात. ज्याने कॉलसाइन चुकीचे टिपले त्याचे गुण जातात आणि वर दंड बसतो. त्या माणसाने जे हवेत ऐकले तेच लिहिले. माझ्या सेटच्या दोषाचा दंड त्याने भरला. मला त्या रात्री जेवण गेले नाही. कॉलसाइन म्हणजे आमचे नाव आहे, आणि ४० वर्षांत ते मी कधी चुकीचे सांगितलेले नाही.

कंपनीला कळवले. उत्तर आले, वेग कमी ठेवा. मिनिटाला १२ शब्द या वेगात डिट १०० मिलिसेकंदांचा होतो, तो थोडा कापला गेला तरी उरतो, हे खरे आहे. पण स्पर्धेत १२ च्या वेगाने हाक मारणाऱ्यासाठी कोण थांबणार?

मग मी तोड काढली. हाक मारण्याआधी एक फालतू डिट द्यायचा, सेटला तो गिळू द्यायचा, आणि मग ‘व्हीयू’. दोन वर्षे तसेच केले. परवा माझा हाताने जोडलेला जुना सेट सहज सुरू केला, मोर्स वाजवायच्या पॅडलला बोट लावले, तर बोटाने सवयीने तो जादाचा डिट दिला आणि तो पुढच्या अक्षराला चिकटला. डि-डि-डि-डि-डा. हा मोर्समधला ४ चा आकडा. ‘४यू’ हे संयुक्त राष्ट्रांच्या स्टेशनांचे कॉलसाइन. म्हणजे नवा सेट माझे नाव चुकवतो, आणि त्याच्यापायी आता माझा हातही चुकू लागला. यंत्र दुरुस्त होईल तेव्हा होईल. या वयात हाताला लागलेले वळण काढायला किती महिने जातील ते मला ठाऊक आहे.

मी एक वही ठेवली आहे. दोनशे पानी, साधी. डावीकडे मी काय विचारले, उजवीकडे काय उत्तर आले, दोन्हीकडे तारखा. आजवर १४ नोंदी झाल्या. ‘अभियंत्यांना कळवले आहे’ चार वेळा. ‘पुढच्या आवृत्तीत’ पाच वेळा. ‘तुमच्या संयमाबद्दल आभार’ तर प्रत्येक पत्राच्या शेवटी. या शेवटच्या वाक्याने मला सगळ्यात जास्त त्रास होतो. मी संयम दिलेला नाही, तो माझ्याकडून गृहीत धरलेला आहे.

मार्च २०२३ मध्ये एक आवृत्ती आली. ती भरण्याची संध्याकाळ आमच्या घरात सगळ्यांच्या लक्षात आहे. सॉफ्टवेअर भरताना मध्येच वीज गेली तर सेट कायमचा मुका होऊ शकतो, आणि मग तो विमानाने परदेशी धाडावा लागतो. आमच्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी वीज जातेच. म्हणून सेट इन्व्हर्टरवर घेतला, फ्रिज बंद केला, सौ.ला सांगितले की अर्धा तास मिक्सर लावू नकोस. पेन ड्राइव्ह घातला. पडद्यावर निळी पट्टी सरकू लागली. ६० टक्क्यांवर ती थांबली. चार मिनिटे थांबली. नात शेजारी उभी होती, तिने माझा हात धरला. मग पट्टी पुन्हा सरकली. एकूण ११ मिनिटे. सेट सुरू झाला, पडद्याचे रंग बदललेले होते, खरखर-गाळणी आलेली होती, मी साठवलेल्या सगळ्या फ्रिक्वेन्सी पुसल्या गेल्या होत्या. पॅडलला बोट लावले. पहिला डिट गेला.

त्या आवृत्तीसोबत काय बदलले याची यादी म्हणून एक ओळ होती: ‘विविध सुधारणा व दुरुस्त्या’. याच्याशेजारी दुसरे उदाहरण ठेवतो. जो टेलर हे १९९३ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ. ते स्वतः हॅम आहेत. त्यांनी आणि स्टीव्ह फ्रँके यांनी २०१७ साली एफटी-८ नावाची पद्धत आणली, तिने अगदी क्षीण सिग्नलवरही दोन टोकांचा संपर्क होतो. जगभरचे हॅम ती वापरतात. ते सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि प्रत्येक आवृत्तीबरोबर काय दुरुस्त झाले, काय नवे आले, ते ओळीने लिहिलेले असते. फुकट देणारे एवढा हिशेब देतात आणि सव्वादोन लाख घेणारे एक ओळ देतात.

आता संयमाबद्दल. हॅम माणसाला कुणी सबुरी शिकवू नये. संपर्क झाल्यावर आम्ही एकमेकांना कार्ड पाठवतो. १९९१ साली ब्राझीलच्या एका स्टेशनशी बोललो, त्याचे कार्ड १९९४ च्या पावसाळ्यात हाती पडले, ओलसर, कोपरे दुमडलेले, आणि मी ते आजही जपले आहे. इस्रोने ५ मे २००५ रोजी हॅमसाठी हॅमसॅट उपग्रह सोडला, तो २०१४ पर्यंत चालला. तो डोक्यावरून जाताना जेमतेम दहा-पंधरा मिनिटे मिळत, त्यासाठी मी गच्चीवर हातात अँटेना धरून पावसात उभा राहिलो आहे. पण ती वाट वेगळी. उपग्रह कधी उगवणार ते सेकंदापर्यंत माहीत असे. बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सींचा पट्टा, लांबच्या संपर्कासाठी उघडणे सूर्यावर असते, आणि सूर्याने आमच्याकडून पैसे घेतलेले नाहीत. निसर्गाची वाट पाहताना मनात कडवटपणा येत नाही. दिलेल्या शब्दाची वाट पाहताना येतो.

उशिराची खरी कारणे असतात, हेही मी जाणतो. २० ऑक्टोबर २०२० ला जपानमध्ये नोबेओका इथे आसाही कासेई उद्योगाच्या चिप कारखान्याला आग लागली. ती पुरती विझायला तीन दिवसांहून जास्त लागले. आवाजाचे आकडे करणाऱ्या चिप तिथे बनत. हॅम सेट बनवणाऱ्या जपानी कंपन्यांना त्याची झळ बसली आणि कितीतरी सेट महिनोन् महिने मिळेनात. आमच्यातले कुणी त्यावरून ओरडले नाही. आग लागली, कारखाना जळला, कारण सगळ्यांसमोर होते. शिवाय हॅम सेटचा धंदा लहान आहे. मोबाइलच्या मानाने गिऱ्हाईक मूठभर. सॉफ्टवेअर लिहिणारी माणसे एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतील. त्यांच्यातले एक आजारी पडले, एक सोडून गेले, तर काम रखडणारच. एवढे आम्हाला समजते. ते आम्हाला सांगा.

हे मी गिऱ्हाईक म्हणून बोलत नाही, काउंटरच्या दुसऱ्या बाजूला उभे राहून शिकलेलो आहे. नव्वदच्या आसपास पाटण तालुक्यातल्या एका छोट्या एक्स्चेंजचा कारभार माझ्याकडे होता. एका वळवाच्या पावसात वीज पडली आणि बरीच लाइन कार्डे जळाली. १२८ जोडण्यांपैकी निम्म्याहून अधिक बंद. कार्डे लांबून यायची होती, केव्हा येतील कुणी सांगेना. पहिले दोन दिवस मी लोकांना ‘होईल लवकर’ म्हणालो. तिसऱ्या दिवशी गावचे डॉक्टर आले. मला म्हणाले, “साहेब, लवकर म्हणू नका. माझ्याकडे बाळंतपणाची बाई आहे. आज होणार नाही असे सांगितलेत तर मी तिला सकाळच्या एसटीने कराडला पाठवतो. होणार असेल तर थांबतो. काय ते सांगा.”

मी सांगितले, आज होणार नाही. त्यांनी तिला पाठवले. त्याच दुपारी मी शाळेतून जुना फळा मागून आणला आणि एक्स्चेंजच्या दाराशी टांगला. रोज सकाळी नऊला त्यावर लिहायचो. आज कुणाला फोन केला, काय उत्तर आले, कोणत्या वाडीचे फोन चालू आहेत, कोणत्या वाडीचे नाहीत. कितीदा तर एकच ओळ असे: ‘आज काही कळले नाही.’ लोक येत, वाचत, जात. एकानेही दारात भांडण केले नाही. कार्डे यायला १९ दिवस लागले. त्या गावात आजही गेलो तर कुणी ना कुणी चहाला थांबवते.

माझ्या सेटच्या कंपनीकडे फळा नाही. विक्रेत्याकडेही नाही. विक्रेता भला माणूस आहे. त्याला वरून काही कळत नाही, आणि कळत नाही हे सांगायला तो लाजतो, म्हणून तो ‘पुढच्या महिन्यात’ म्हणतो. डॉक्टरांना मी जसे ‘लवकर’ म्हणत होतो तसेच.

थांबण्याची किंमत कुणी मोजत नाही, ती मी मोजून दाखवतो. सूर्यावरच्या डागांचे चक्र साधारण ११ वर्षांचे. ते शिखरावर असते तेव्हा २८ मेगाहर्ट्झचा, म्हणजे दहा मीटरचा बँड उघडतो, आणि थोड्या वॉटवर संध्याकाळच्या वेळी कराडहून अमेरिका अशी ऐकू येते की शेजारच्या आळीतून कुणी बोलावे. चालू चक्र, पंचविसावे, डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाले, आणि ते शिखराच्या काळात पोचल्याचे नासाने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केले. म्हणजे ज्या काळासाठी मी हा सेट घेतला तो काळ मी जादाचा डिट देत घालवला. पुढचे शिखर येईल तेव्हा मी ऐंशी ओलांडलेली असेल.

दुसरी किंमत कायद्याची, आणि ती आपल्या सगळ्याच वाचकांच्या कामाची आहे. सेटची वॉरंटी एक वर्षाची होती, ती वाट पाहण्यातच संपली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रार करायला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. सबळ कारण असेल तर ग्राहक आयोग उशीर माफ करू शकतो, पण ते आयोगाच्या हातात. म्हणजे जो ग्राहक समजूतदारपणे थांबतो, चिडत नाही, ‘करतील बिचारे’ म्हणतो, त्याचीच मुदत उलटते. जो पहिल्या महिन्यात भांडतो त्याचा हक्क शाबूत राहतो. माझ्या ओळखीच्या वकिलांनी हे समजावले तेव्हा मी सुन्न झालो. सज्जनपणाने वागणाऱ्याचेच नुकसान व्हावे, असे कायदा करणाऱ्यांच्या मनात खचित नसेल.

बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. ग्राहकाने एकट्याने न कुढता एकत्र येऊन बोलायचे, हे त्या चळवळीने आपल्याला शिकवले. आमच्या हॅम मंडळींत मात्र उलटे दिसते. कुणी अपडेटची विचारणा केली की चार जण त्यालाच गप्प करतात. धीर धरा. कंपनी लहान आहे. तुमचा सेट चालतोय ना? यातले बरेच जण माझे जुने स्नेही आहेत, त्यांना दुखवायचे नाही. पण प्रश्न विचारणे म्हणजे अधीरपणा नव्हे. आणि दुसरीकडे काही जण कंपनीच्या अभियंत्यांना नावे घेऊन शिव्या देतात, तेही मला सहन होत नाही. जो मुलगा रात्री जागून ते सॉफ्टवेअर लिहितो त्याने माहितीपत्रक छापलेले नाही. छापणारा वेगळा, विकणारा वेगळा.

मला काय हवे ते सांगतो. जी सोय आज सेटमध्ये नाही ती माहितीपत्रकात छापूच नये. छापायचीच तर तिच्यापुढे तारीख हवी, आणि तारीख चुकली तर किमतीतला तेवढा भाग परत. वॉरंटी कबूल केलेली शेवटची सोय मिळाल्यापासून धरावी. ठाऊक असलेल्या दोषांची यादी उघड असावी, ‘पहिला डिट कापला जातो, काम सुरू नाही’ असे लिहिले तरी चालेल. मला तेवढ्याने पुष्कळ समाधान होईल, कारण मग मी सेट विकून दुसरा घ्यायचा की थांबायचे ते ठरवू शकेन. युरोपीय संघात १ जानेवारी २०२२ पासून नियम लागू आहे की सॉफ्टवेअर असलेली वस्तू विकली तर ती कबूल केल्याप्रमाणे चालत राहील इतपत अपडेट विक्रेत्याने पुरवलेच पाहिजेत. आपल्या कायद्यात फसवी जाहिरात आणि अनुचित व्यापारी प्रथा यांवर कलमे आहेत, पण अपडेटबद्दल असे स्पष्ट लिहिलेले नाही. ते लिहावे, एवढी मागणी आपल्या वृत्तपत्राने लावून धरावी.

आणि ज्या कंपनीला दुरुस्ती जमणारच नाही तिने सॉफ्टवेअर खुले करावे. हे स्वप्नरंजन नव्हे. हैदराबादच्या अशर फरहान यांनी बिट-एक्स नावाचा साधा, स्वस्त सेट तयार केला आणि त्याचा आराखडा सगळ्यांना खुला ठेवला. त्याच घराण्यातला मायक्रो-बिट-एक्स २०१७ च्या सुमाराला आला. त्याचे सॉफ्टवेअर खुले असल्याने वापरणाऱ्यांनीच ते सुधारले, इतके की मूळ सेटमध्ये नसलेल्या कितीतरी सोयी त्यात आल्या. मीही एक जोडला आहे. त्यात मोर्सची वेळ एका ओळीत बदलता येते. मी ती बदलली, आणि माझे नाव नीट जाते. तो सेट आमच्या घरात एका प्लास्टिकच्या डब्यात बसवलेला आहे आणि त्याची किंमत नव्या सेटच्या दहाव्या भागाहूनही कमी आहे.

विक्रेत्याने मला शेवटचे लेखी आश्वासन जून २०२४ मध्ये दिले, ‘या वर्षअखेरपर्यंत’ असे. त्यानंतर दोन वर्षअखेरी झाल्या. मुदत तिथून धरली तर येत्या जूनमध्ये संपते. समोरची बाजू ती खरेदीपासून धरायला सांगेल, आणि त्यावर वाद होईल, असे वकील म्हणतात. नव्या कायद्याप्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मी एप्रिलपर्यंत उत्तराची वाट पाहीन. नाही आले तर सातारच्या जिल्हा आयोगात अर्ज देईन आणि सोबत वही जोडेन. तिच्या उजव्या पानांवर अजून बरीच जागा कोरी आहे. कंपनीने तिथे एक खरी तारीख लिहून पाठवली, मग ती कितीही लांबची असो, तर मी अर्ज देणार नाही.

आपला,
एक हॅम परवानाधारक, कराड
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)